तीन-चार-तीन आणि एकवीस मोदक

आमच्या कोल्हापूरच्या घरात गणपती बसतो तो नेमका टीव्हीच्या पुढ्यात. सोप्यातली ती एक भिंत सोडली तर मखर मावेल अशी दुसरी जागा घरात नाही आणि भिंतीत ठोकलेला टीव्ही काढून ठेवण्याइतका उत्साह आता कोणात उरलेला नाही. म्हणून दरवर्षी आदल्या रात्री टीव्हीवर जांभळा पडदा चढतो, पडद्यापुढे पुठ्ठ्याची कमान उभी राहते, आणि गौरी-गणपतींचे विसर्जन होईपर्यंत घरातल्या मालिका, बातम्या आणि क्रिकेट ही तिन्ही व्यसने आपोआप सुटतात. या व्यसनमुक्तीचा घरातल्या सगळ्यांना आनंद असतो. मलाही होता. पण २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली, आणि त्याच रात्री आपल्या घड्याळाने साडेबारा वाजता इंग्लंडातल्या फुटबॉलच्या लीग कपच्या दुसऱ्या फेरीत माझ्या लाडक्या मँचेस्टर युनायटेडची गाठ ग्रिम्सबी टाउन नावाच्या संघाशी पडणार होती.

ग्रिम्सबी हा चौथ्या श्रेणीतला संघ. ग्रिम्सबी हे मासेमारीचे बंदर, संघाचे मैदान त्याला लागून असलेल्या क्लीथॉर्प्स गावात, आणि तिथले प्रेक्षक सामन्याला येताना हवा भरून फुगवलेले प्लास्टिकचे मासे बरोबर आणतात. अशा संघाविरुद्धचा सामना चतुर्थीच्या रात्री जागून पाहायची काय गरज होती, असा प्रश्न कोणताही शहाणा माणूस विचारील. माझ्या पत्नीनेही तो विचारला. तिला मी म्हटले की हा सामना आम्ही नक्की जिंकणार आहोत, आणि नक्की जिंकू असा सामना पाहायला मिळून मला फार दिवस झाले आहेत. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आमच्या घराण्यात आजारी माणसासाठी राखून ठेवलेली आहे.

या दुखण्याची सुरुवात सांगितली पाहिजे. १९९९ सालच्या मे महिन्यात मी १६ वर्षांचा होतो, दहावीची परीक्षा होऊन गेली होती, निकाल लागायचा होता, आणि झोप येत नव्हती. रात्री सव्वाबाराला केबलवर कुठलासा सामना सुरू झाला. बार्सिलोनाच्या मैदानावर युरोपीय चषकाची अंतिम लढत होती आणि बायर्न म्युनिक हा जर्मन संघ एका गोलने पुढे होता. नव्वद मिनिटे संपली तरी तो पुढेच होता. मी पंखा बंद करून झोपायला निघालो, तेवढ्यात जादाच्या तीन मिनिटांत शेरिंगहॅमने एक आणि सोल्शायरने एक असे दोन गोल करून युनायटेडने तो चषक उचलला. दहावीच्या निकालाच्या चिंतेत असलेल्या मुलाला नको त्या वेळी नको ते पाहायला मिळाले. सगळे संपले असे वाटत असताना शेवटच्या तीन मिनिटांत सगळे सुधारू शकते, ही समजूत त्या रात्री माझ्या डोक्यात जी शिरली ती निघाली नाही. दहावीच्या निकालाने ती खोटी ठरवली, पुढे इतर अनेक निकालांनीही ठरवली, पण पहिल्या दिवशी ज्या देवाने नवस फेडून घेण्याआधीच प्रसाद दिला, तो देव बदलायचा कसा?

पुढची चौदा वर्षे माझी चांगली गेली. २०१३ साली आमचे प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन विसाव्या विजेतेपदानंतर निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमच्या संघाची अवस्था कर्तबगार आजोबा गेल्यानंतरच्या वाड्यासारखी आहे. मोयेस आले, फान खाल आले, मोरिन्यो आले, तो १९९९चा सोल्शायर स्वतः आला, रांगनिक आले, टेन हाग आले. प्रत्येकाने येऊन एक खोली पाडली, नवी बांधायला काढली आणि छत घालायच्या आत तो निघून गेला. छताचे तर शब्दशः सांगतो आहे. २०२४च्या मे महिन्यात आर्सेनलविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी पाऊस झाला, तेव्हा आमच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या छपरातून प्रेक्षकांच्या बाजूला पाण्याचा लोंढा कोसळताना सगळ्या जगाने पाहिला. आमच्या आईने तो व्हिडिओ पाहून, पावसाळ्याआधी कौले चाळून घेत नाहीत का, असे विचारले होते. तिच्या मते सगळे फुटबॉलपटू दिवसभर रिकामेच असतात.

२०२४च्या नोव्हेंबरात पोर्तुगालहून रुबेन अमोरिम आले. लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबला त्यांनी दोनदा विजेतेपद मिळवून दिले होते आणि तेही एकाच व्यूहरचनेच्या जोरावर. तीन बचावपटू, मध्ये चार, पुढे तीन. तीन-चार-तीन. हीच रचना त्यांनी आमच्याकडे आणली आणि जो मुलगा ज्या मापाचा नाही त्याला त्याच मापाचा सदरा घालायला सुरुवात केली. त्या हंगामाअखेर आमचा संघ वीस संघांत पंधरावा आला. अडतीस सामन्यांत अठरा पराभव, आणि गुण ४२. त्या हंगामात माझेही वय ४२ होते. मे महिन्यात बिल्बाओला युरोपा लीगची अंतिम लढत टॉटनहॅमने आमच्याविरुद्ध एकच गोल करून जिंकली, आणि तो गोलही ४२व्या मिनिटाला झाला. मी ज्योतिष मानत नाही. पण त्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने मुद्दाम माझी पत्रिका काढून आणली आणि ती आईच्या हातात दिली, हे मी विसरलेलो नाही.

त्याच हंगामात माझ्या हातून एक मोठा प्रमाद घडला. तो सांगितल्याशिवाय चतुर्थीच्या रात्रीचे माझे वागणे कळणार नाही. १७ एप्रिलला ल्यों या फ्रेंच संघाविरुद्ध युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीचा परतीचा सामना होता. आम्ही दोन गोलांनी पुढे होतो, मग बरोबरी झाली, मग जादा वेळ सुरू झाला, आणि समोर दहाच खेळाडू उरलेले असताना त्यांनी आमच्यावर आणखी दोन गोल चढवले. पहाटेचे तीन वाजत आले होते. मी टीव्ही बंद केला, पाणी प्यायलो आणि आयुष्यात प्रथमच प्रौढ माणसासारखा निर्णय घेतल्याच्या समाधानात झोपलो. सकाळी मोबाइल उघडला तर मित्रांचे त्रेसष्ट संदेश. ११४व्या मिनिटाला एक, १२०व्या मिनिटाला दुसरा आणि त्याच्या पाठोपाठ मॅग्वायरच्या डोक्याने तिसरा, असे तीन गोल करून आम्ही तो सामना पाच-चार असा जिंकला होता. बारा वर्षांत जी एक रात्र मला मिळायची होती, ती मी घोरण्यात घालवली. त्या सकाळी मी शपथ घेतली की यापुढे शेवटची शिट्टी ऐकल्याशिवाय अंथरुणाला पाठ लावायची नाही.

चतुर्थीच्या रात्री ही शपथ पाळायची कशी, हा प्रश्न होता. टीव्ही तर बाप्पांच्या पाठीमागे होता. मोबाइलवर सामना दिसण्याची सोय मी वर्गणी भरून करून ठेवली होती. गल्लीतल्या मंडळाची वर्गणी देताना मी घासाघीस केली होती आणि ही मुकाट्याने भरली, हे मला देवापुढे कबूल केले पाहिजे. पण घर पाहुण्यांनी भरलेले होते, सोप्यापासून माडीपर्यंत गाद्या पसरलेल्या होत्या, आणि बेचाळीस वर्षांचा माणूस रात्री साडेबाराला दिवा लावून बसला तर त्याला कारण द्यावे लागते. कारण आईनेच पुरवले. पहिल्या रात्री बाप्पांपुढची समई विझू द्यायची नाही, असा आमच्याकडे नेम आहे. दरवर्षी आई मध्येच उठून तेल घालते. त्या वर्षी तिचे गुडघे दुखत होते. "आई, तू झोप, समईपाशी मी जागतो," असे मी म्हटले मात्र, तिच्या डोळ्यांत पाणी आले. मोठ्या आत्याने तिथल्या तिथे माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटे मोडली. पत्नी काही बोलली नाही. तिने माझ्या चार्जरकडे पाहिले, समईशेजारच्या प्लगकडे पाहिले आणि ती कूस बदलून झोपली.

त्या आधी दुपारी एक प्रकार घडला होता. आमचे आप्पाकाका आता पंचाहत्तरीला आले आहेत. तरुणपणी ते पेठेतल्या एका तालमीकडून फुटबॉल खेळत असत. कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला तालीम आणि फुटबॉल यांचा संबंध लागणार नाही. आमच्याकडे कुस्तीच्या तालमींचे आणि पेठांतल्या मंडळांचे फुटबॉल संघ आहेत, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या की त्या दिवशी लग्नाचा मुहूर्तसुद्धा लोक विचार करून धरतात. काका हाफ खेळत. मधल्या फळीचा खेळाडू म्हणजे हाफ. त्यांच्या मते जगातला निम्मा गोंधळ लोक हाफला किंमत देत नाहीत म्हणून होतो.

जेवणे झाल्यावर काकांनी विचारले, "काय रं, तुझी ती लाल टीम अजून हरतीया?"

मी म्हटले, "काका, प्रश्न खेळाडूंचा नाही, रचनेचा आहे."

"दाव की मग."

समोर नैवेद्याच्या ताटात तळणीचे एकवीस मोदक होते. मी ते ताट पुढे ओढले. फुटबॉलच्या दोन संघांना बावीस खेळाडू लागतात आणि मोदक एकवीस, म्हणजे एक कमी पडत होता. म्हणून मी आमच्या संघाला गोलरक्षक दिला नाही. तशी गेल्या हंगामातली परिस्थिती पाहता त्यामुळे फारसा फरक पडत नव्हता. मागे तीन मोदक मांडले, त्यांच्यापुढे चौघांची रांग, पुढे तीन. समोर ग्रिम्सबीचे अकरा. चौघांच्या रांगेतले दोन कडेचे म्हणजे विंग-बॅक, हे मी सांगितले. चेंडू आपल्याकडे असला की यांनी थेट शत्रूच्या गोलपर्यंत धावायचे आणि चेंडू गेला की तेवढेच परत धावून आपल्या गोलपाशी यायचे.

दारात पानाचा डबा घेऊन उभी असलेली वहिनी म्हणाली, "म्हणजे मीच की. दारात हळदीकुंकूही मीच द्यायचं आणि आत कढईपाशीही मीच असायचं." तीन-चार-तीन या रचनेचे इतके अचूक विवेचन मी कोणत्याही तज्ज्ञाकडून ऐकलेले नाही.

काका मात्र ताटाच्या मधोमध बघत होते. "मधी हे दोघंच?"

"दोघंच."

"आन् फुडनं किती येतात?"

"तीन. कधी चार."

"मग ह्या दोघांनी त्या चौघांना धरायचं कसं?"

मी म्हटले की पुढच्या तिघांतले दोघे तेव्हा खाली उतरतात. निदान त्यांनी उतरावे अशी अपेक्षा असते.

"आन् न्हाई उतरलं तर?"

या प्रश्नाचे उत्तर मँचेस्टरमध्ये मोठमोठ्या पगाराची माणसे शोधत होती, ते मी कुठून देणार? काकांनी काही क्षण विचार केला, मग हात पुढे करून मागच्या तिघांतला आमचा डावा सेंटर-बॅक उचलला आणि खाल्ला.

"काका, तो खेळाडू होता!"

"रिकामाच हुता. कुणालाच धरत न्हवता." त्यांनी बोटे चाटली. "कोचला सांग, एक मागनं काढ आन् मधी घाल."

काकांनी दिलेला हा सल्ला इंग्लंडातल्या माजी खेळाडूंनीही दूरचित्रवाणीवर बसून अनेकदा दिला आहे. पण आमचे तेव्हाचे प्रशिक्षक ऐकत नव्हते. पुढे सप्टेंबरात तर त्यांनी पत्रकारांना सरळच सांगून टाकले की खुद्द पोप आले तरी मी ही रचना बदलणार नाही. मला हट्टाचा राग येत नाही. आमच्या घरात हट्टी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. आमचे आजोबा एकाच न्हाव्याकडे चाळीस वर्षे गेले आणि चाळीस वर्षे त्याला शिव्या देत राहिले. पण आजोबांच्या हट्टाने केस तेवढे वाकडे कापले जात. इथे मॅथ्यूस कुन्या, ब्रायन म्बेउमो आणि बेंजामिन शेश्को या तीन आघाडीवीरांवर एका उन्हाळ्यात जवळजवळ २० कोटी पौंड खर्च झाले होते आणि त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचवायला मध्ये माणूस नव्हता. घरात नवे फ्रीज, नवे कपाट, नवा पलंग आणावा आणि जिन्यातून वर न्यायला जागाच नसावी, तसा हा प्रकार होता.

रात्री साडेबाराला सामना सुरू झाला. एका कानात इअरफोन, दुसरा कान घराकडे, मोबाइल पाटाच्या कडेला टेकवलेला, डाव्या हाताला तेलाचा बुधला, उजव्या हातात वात पुढे सारायची काडी, अशा थाटात मी मांडी घालून बसलो. मोबाइलच्या पडद्यावर मासेच मासे दिसत होते. श्रावण नुकताच संपला होता, घरात महिनाभर मासळी शिजलेली नव्हती, आणि चतुर्थीच्या रात्री देवापुढे बसून मी शेकडो माणसांना छातीशी मासे धरून नाचताना पाहत होतो. मनातल्या मनात मी बाप्पांची क्षमा मागितली.

२२व्या मिनिटाला ग्रिम्सबीने पहिला गोल केला. तो नेमका कुठून आला, तर काकांनी बोट ठेवले होते त्या पोकळीतून, असे मला त्या रात्री वाटले आणि आजही वाटते. ३०व्या मिनिटाला दुसरा झाला. मी ओरडू शकत नव्हतो. ज्याने संघाच्या पराभवाचा घोट आवाज न करता घेतलेला नाही त्याला ते दुःख कळायचे नाही. घरी एकटा असतो तेव्हा मी उशी भिंतीवर मारतो, प्रशिक्षकाला अरे-तुरे करतो, रेफ्रीच्या कुळाचा उद्धार करतो, आणि त्या सगळ्यातून दुःखाची वाफ निघून जाते. इथे एकीकडे आत्या आणि तिच्या दोन नाती, दुसरीकडे काका, मध्ये माझी लेक आणि समोर साक्षात विघ्नहर्ता. मी ओठ मिटून समईत तेल घातले. दुसऱ्या गोलनंतर जरा जास्तच घातले गेले.

तिकडे पाऊस पडत होता. कॅमेरा आमच्या प्रशिक्षकांवर गेला. ते बाकावर बसून मांडीवरच्या फळीवर चुंबकाच्या सोंगट्या इकडून तिकडे सरकवत होते. एक सोंगटी वर, दोन खाली, पुन्हा वर. मी जवळून पाहण्यासाठी मोबाइल डोळ्यांशी नेला. त्यांनी मागची सोंगटी काढून मध्ये ठेवली असती तर मी काकांना उठवून दाखवणार होतो. ती मागेच राहिली. तिथे ते सोंगट्या सरकवत होते, इथे मी वाती सरकवत होतो, आणि एकमेकांना न ओळखणारी आम्ही दोन माणसे आपापल्या जागी बसून एकच काम करत होतो. फरक एवढाच की माझी समई पेटलेली होती.

मध्यंतरानंतर ठेवणीतले मोहरे मैदानात उतरले. चौथ्या श्रेणीच्या संघासाठी ठेवणीतले मोहरे उतरवावे लागतात, यातच सगळे आले. ७५व्या मिनिटाला म्बेउमोने एक गोल फेडला. ८९व्या मिनिटाला मॅग्वायरने डोक्याने दुसरा केला. आणि इथे माझा घात झाला. १९९९ सालचा तो सोळा वर्षांचा मुलगा माझ्या आत उठून बसला आणि म्हणाला, बघ, मी सांगत होतो. या मुलाचा मला आता कंटाळा आला आहे. तो नसता तर मी दुसऱ्या गोललाच मोबाइल बंद करून, समईत भरपूर तेल घालून झोपलो असतो.

लीग कपमध्ये या फेरीला बरोबरी झाली तर जादा वेळ नसतो, थेट पेनल्टी, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक ठेवून आळीपाळीने मारायचे फटके, सुरू होतात. अडीच वाजले होते. माझा हिशेब चुकू नये म्हणून मी पूजेच्या तबकातली दूर्वांची जुडी सोडली आणि प्रत्येक पेनल्टीला एक दूर्वा डावीकडून उजवीकडे ठेवू लागलो. आमच्या गोलरक्षकाने ग्रिम्सबीची तिसरी पेनल्टी अडवली. ज्याला मी मोदकाच्या लायकीचा समजलो नव्हतो त्यानेच ती अडवली, तेव्हा मी मनोमन कान धरले. पाचवी पेनल्टी मारायला आमचा कुन्या आला. ती गेली की सामना संपला. दूर्वा माझ्या बोटांत होती. त्यांच्या पिम नावाच्या गोलरक्षकाने ती अडवली.

त्यानंतर जे झाले त्याला काय म्हणावे मला कळत नाही. एकही माणूस चुकेना. त्यांनी मारली की आम्ही मारायची, आम्ही मारली की त्यांनी मारायची. बचावपटूंनी मारल्या, ताज्या पोरांनी मारल्या, शेवटी दोन्ही गोलरक्षकांनीसुद्धा एकमेकांवर एकेक मारून घेतली. दूर्वांच्या जुडीत एकवीस दूर्वा असतात. त्या संपल्या आणि पेनल्टी संपेनात. मग मी पत्रीतली पाने घेतली. बेलाचे एक, आघाड्याचे एक, शमीचे एक. सगळ्यांच्या पाळ्या संपून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. सव्विसाव्या पेनल्टीला, म्हणजे जास्वंदीच्या पानाला, म्बेउमो चेंडूपाशी उभा राहिला.

चेंडू वरच्या दांड्यावर आपटला.

"गजाननाऽऽ!"

हा आवाज माझ्या तोंडून निघाला हे मला आत्या उठून बसली तेव्हा कळले. तिने पाहिले ते दृश्य असे: रात्रीचे पावणेतीन वाजलेत, समई लखलखते आहे, भाचा देवापुढे दोन्ही हात डोक्यावर धरून बसलेला आहे, त्याच्या गालांवरून पाणी वाहते आहे, आणि त्याच्या मांडीभोवती दूर्वा आणि पत्री वाहिलेली आहे. मोबाइल पाटावरून उलटा पडला होता. तिने दोन्ही हात जोडले.

"काय मागत होतास रे बाबा एवढं?"

"काही नाही, आत्या. समई नीट केली."

ती पदराने डोळे पुसत पुन्हा आडवी झाली. घर शांत झाले. थोड्या वेळाने पलीकडच्या गादीवरून, अंधारातून, दबक्या आवाजात प्रश्न आला.

"किती?"

काका जागे होते. कधीपासून जागे होते कोण जाणे. मी म्हटले, "बारा-अकरा."

"कोन?"

"मासेवाले."

बराच वेळ काही बोलणे झाले नाही. मला वाटले काकांना झोप लागली.

"मधी दोघंच हुते न्हवं?"

"दोघंच."

"हां," काका म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

या स्पर्धेत चौथ्या श्रेणीतल्या संघाकडून हरण्याची आमच्या संघाची ही पहिलीच वेळ होती. पुढे काही दिवसांनी कळले की ग्रिम्सबीने त्या रात्री उतरवलेल्या एका खेळाडूच्या नोंदणीचे कागद दुपारी बाराच्या मुदतीनंतर एका मिनिटाने पोहोचले होते आणि त्याबद्दल त्यांना २० हजार पौंडांचा दंड झाला. ज्याची पेनल्टी आमच्या गोलरक्षकाने अडवली तोच हा खेळाडू. म्हणजे त्यांच्याकडून एकच माणूस चुकला आणि तोही नियमाने तिथे नसायलाच हवा होता. ही बातमी वाचून मला कसलाही दिलासा मिळाला नाही. काकांना सांगितली तर ते म्हणाले, "एक मिनिट म्हंजे मुहूर्त टळलाच की. आन् तरी जितले."

सकाळी आई आल्यागेल्याला सांगत होती की पोरगा रात्रभर देवापुढे बसून रडला, आणि पोटात काय सल आहे ते बोलत नाही. शेजारच्या काकूंनी नोकरीचे काही बिनसले आहे का, असे पत्नीला हळूच विचारले. तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि फक्त एवढेच म्हणाली, "अहो, त्या जास्वंदीच्या झाडाला मी महिनाभर खत घालते आहे. पुढच्या वेळी मोजायला शेंगदाणे घ्या." मी तिला शब्द दिला की पुढची वेळ येणार नाही. त्याच वेळी आरतीचे ताट हातात होते, म्हणजे ही शपथ देवासमक्ष झाली असेच म्हटले पाहिजे. मोबाइलवरून मी सामन्यांची सगळी सूचना-घंटी बंद केली. दोन दिवस मी फळे आणली, केळीचे खांब बांधले, गौरीच्या मुखवट्यांना पॉलिश करून आणले. धाकटा भाऊ म्हणाला, दादा हरला की घराचा फायदा होतो.

३० ऑगस्टला, शनिवारी, बर्नलीविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डवर सामना होता. आपल्याकडे संध्याकाळी साडेसात वाजता. तो मी पाहणार नव्हतोच. पण साडेसात ही वेळ नेमकी आमच्या आरतीची, आणि त्या दिवशी सांगलीचे पाहुणे वाटेत अडकल्यामुळे आरती लांबत लांबत सव्वानवाला सुरू झाली. मधल्या काळात माझ्या खिशातला मोबाइल चार वेळा थरथरला. सूचना-घंटी मी बंद केली होती, थरथर बंद करायची राहून गेली होती, आणि ती राहून गेली की ठेवली गेली, हे देवालाच माहीत. मी खिशात हात घातला नाही. चार थरथरी म्हणजे चार गोल, पण कोणाचे? तीन आमचे आणि एक त्यांचा? एक आमचा आणि तीन त्यांचे? दोन-दोन? मी नारळ सोलत असताना हे गणित मनात चालू होते आणि शेंडी ठेवायची विसरलो.

आरती झाली, मग देवीची झाली, मग शंकराची झाली. आमच्या घरात पाहुणे असले की आरत्या आटोपत नाहीत, ज्याला जी येते ती तो म्हणतो. सामना एव्हाना संपला असणार अशी मी मनाची समजूत घातली. मंत्रपुष्पांजलीला सगळ्यांच्या हातात फुले आणि अक्षता आल्या, सूर लागला, आणि माझी उजवी मांडी पाचव्यांदा थरथरली.

ओंजळीत फुले होती. हात सोडता येत नव्हता. समोर काका उभे होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग माझ्या खिशाकडे पाहिले. मंत्र संपला, फुले वाहिली, सगळे पाया पडायला वाकले, आणि मी वाकल्या वाकल्या खिशातून मोबाइल दोन बोटे वर काढला. ९७वे मिनिट. पेनल्टी. कर्णधार ब्रुनो फर्नांडिस, ज्याने मागच्याच रविवारी एक पेनल्टी दांड्यावरून बाहेर मारली होती. तीन-दोन.

शेजारी काकाही गुडघ्यांवर वाकलेले होते. ओठ न हलवता ते म्हणाले, "जितलो काय?"